दारापेक्षा मोठा राक्षस

मी एक जुना राक्षस आहे. हसू नका मित्रांनो, राक्षसालाही म्हातारपण येतं. मेणमातीचं माझं अंग आता जागोजागी भेगाळलं आहे आणि डाव्या खांद्यातून आतली तार डोकावते आहे. एका कपाटाच्या वरच्या फळीवर मला उभं केलं आहे. या खोलीत दुपारचं ऊन थेट येतं आणि उन्हाने मेणमाती मऊ पडते. माझा खालचा ओठ ओघळायला लागला आहे. तो पुरता गळून पडायच्या आत मला तुम्हाला सगळं सांगायचं आहे, म्हणून जरा घाई करतो.

माझा जन्म एका खेळासाठी झाला. टेबलाभोवती चारपाच माणसं बसतात. कोणी योद्धा होतं, कोणी जादूगार. एक जण खेळ चालवतो, म्हणजे गोष्ट सांगतो. चौकटी आखलेल्या नकाशावर आमच्यासारखे राक्षस मांडतात आणि कोण वाचलं, कोण मेलं ते फासे ठरवतात. या खेळासाठी राक्षसांचं एक पुस्तक तयार होत होतं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत एक भाऊ आणि त्याची धाकटी बहीण ते काम करत होते. भाऊ नियम लिहायचा आणि बहीण आम्हाला घडवायची. तिचे अंगठे फार हळुवार होते. मी आजवर अनेकांच्या हातून गेलो, पण तसे हात पुन्हा लाभले नाहीत.

पुस्तकाची संपादक होती कात्रीबाई. हे नाव भावाबहिणीने तिच्या पाठीमागे ठेवलेलं होतं. राक्षस आवडला नाही की ती तो पुस्तकातून कापून टाकायची. आणि पुस्तकातून गेलेल्या राक्षसाचं काय व्हायचं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. बहीण त्याला तारेवरून सोडवायची, तळहातांत घेऊन मळायची आणि त्याचा गोळा करून डब्यात टाकायची. माझे पाय ज्या गोळ्यातून झाले तो आधी पंखांचा साप होता. आपणही एक दिवस कोणाचे तरी पाय होणार, ही धास्ती मला कायम असायची.

आता माझं कौतुक ऐका. खेळून पाहायच्या पहिल्या चाचणीत टेबलावरचा चहा निवायच्या आत मी मेलो. खेळणारे म्हणाले, "हा फारच लेचापेचा आहे." भावाने माझी ताकद वाढवली. पुढच्या चाचणीत मी मरता मरेना. खेळणारे जांभया देऊ लागले, एकाने तर मोबाइल काढला. भावाने मला शिंगं दिली. शिंगं नेहमीचीच वाटतात म्हणाले, तर त्याने पंख दिले. मग शेपटीला काटे, मग तोंडात आग, मग आगीत विष. तक्रार कोणतीही असो, त्या भल्या माणसाचं औषध एकच होतं, ते म्हणजे आणखी काहीतरी चिकटवणं.

"दादा, बास कर आता," बहीण एकदा म्हणाली. "शिंगं डोळ्यांवर आलीत त्याच्या. दिसणार कसं त्याला?"

"त्याला कुठे पेपर वाचायचाय?" भाऊ म्हणाला. "भीती वाटायला हवी, बस."

भीती वाटत होती, पण ती मला.

पुढच्या चाचणीला कात्रीबाई स्वतः आली. तिने मला उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि खाली ठेवलं. "मारायला सगळं दिलंयस ह्याला," ती भावाला म्हणाली. "जगायला काय दिलंयस? सकाळी उठून हा करतो काय? ह्याला काढला तर पुस्तकाचं काय अडेल, सांग." भाऊ माझ्या शेपटीचे काटे मोजू लागला. मलाही ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी मातीच्या तोंडातून आवाज कुठून आणू? तरी खेळ सुरू झाला. भावाने नकाशावर गुहा काढली होती आणि आतल्या खोलीत मला ठेवलं होतं. खेळणाऱ्यांत एक नर्सताई होत्या. दवाखान्यातली ड्यूटी संपवून त्या थेट खेळायला यायच्या. खेळात त्यांनी धनुष्य रोखलं आणि मग त्या नकाशावर वाकून चौकटी मोजू लागल्या.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "दार दोन चौकटींचं आहे आणि हा चार चौकटींचा. हा आत आला कसा?"

टेबलावर हशा पिकला. भावाचा चेहरा पडला. माझी ताकद वाढवता वाढवता त्याने मला मोठं केलं होतं आणि दाराकडे बघायचंच राहून गेलं होतं. तो घाईघाईने रबर शोधू लागला. "चुकलं, चुकलं. दार मोठं करतो."

"रबर ठेव खाली," कात्रीबाई म्हणाली. "त्या काय विचारतायत, त्याचं उत्तर दे."

"उत्तर काय असणार मॅडम? माझी गडबड झाली."

"तुझी गडबड झाली. त्याचं काय झालं?"

 बहीण माझ्याकडे टक लावून पाहत होती. मग ती हळूच म्हणाली, "लहान असताना आला असेल. आत आला आणि आतच वाढला."

मित्रांनो, त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की मी कोण आहे. मला रडू आलं असतं, पण त्याचीही सोय नव्हती.

"मग खायला कोण घालतं त्याला?" नर्सताईंनी विचारलं.

त्या प्रश्नावर भाऊ आठवडाभर डोकं धरून बसला. बहिणीने माझे पंख उपटले, काटे तासले, शिंगं काढली. दुखलं, पण डोळ्यांवरचा भार गेला. भावाने नवे नियम लिहिले. गुहेच्या वर एक गाव आहे. गावकरी छतातल्या भोकातून मला खायला टाकतात आणि परक्यांना घाबरवायला माझी डरकाळी वापरतात. मला दारातून जाता येत नाही, फक्त एक हात बाहेर काढता येतो. माझी पाळी आली की दरवेळी मी तेवढंच करतो. तो हात मारायला आहे की मदत मागायला, हे खेळणाऱ्यांनी ओळखायचं.

कात्रीबाईने एक शेवटची संधी दिली. "पण नव्या लोकांबरोबर," ती म्हणाली, आणि नर्सताईंना तिने बजावलं, "तुम्हाला सगळं माहीत आहे. तुम्ही मागे बसा. अवाक्षर काढायचं नाही." मळलेल्या गोळ्यांचा डबा झाकण उघडून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलेला होता.

नवी मंडळी बसली. त्यांत एक शाळेतल्या बाई होत्या आणि एक वायरमन होता. माझी पाळी आली आणि भावाने सांगितलं, "राक्षसाचा हात दारातून बाहेर येतो." वायरमनने फासे टाकले. बाण तळव्यात घुसला. पुन्हा माझी पाळी, पुन्हा हात बाहेर, पुन्हा बाण. नर्सताई स्टुलावर ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. मी मनातल्या मनात ओरडत होतो, अहो, विचारा! कोणीतरी विचारा!

"हा बाहेर का येत नाहीये?" शाळेतल्या बाई म्हणाल्या. पण त्यांनी ते भावाला नाही, वायरमनला विचारलं.

"बरंय की मग," वायरमन म्हणाला. "मरतोय आयता, मारू या." फासे घरंगळले आणि मी मेलो. कोणीतरी टाळी दिली.

मग भावाने पुढचं वाचून दाखवलं. "तुम्ही आत जाता. भिंतीवर नखांनी ओढलेल्या रेघा आहेत. पहिली तुमच्या गुडघ्याएवढी उंच. मग कमरेशी. मग खांद्याशी. शेवटची छताजवळ. दगडावर तळव्याचे ठसे आहेत, आणि ते सगळे दाराच्या बाजूला आहेत."

टाळी देणारा हात तसाच राहिला. वायरमनने फासे दूर सारले. मग चिडून म्हणाला, "अहो, हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही विचारलंच नाहीत," नर्सताई म्हणाल्या. 

कात्रीबाईने डब्याचं झाकण लावलं. "हा राहू दे," ती म्हणाली.

अशा रीतीने मी वाचलो. माझ्यावरून साचा काढला आणि त्यातून माझ्यासारखे पुष्कळ राक्षस झाले. ते आता घरोघरच्या खेळाच्या डब्यांत आहेत. तुमच्याही असेल. लोक म्हणतात की माझं नशीब उघडलं. खरं सांगू? त्या दिवसापासून मी टेबलाटेबलावर मरतो आहे. फार थोडे लोक विचारतात आणि भिंत फोडून मला सोडवतात. बाकीचे हाताला बाण मारतात, रेघा ऐकून हळहळतात आणि घरी जातात. माझ्यावर छान लिहूनही येतं. त्याने माझी सुटका होत नाही.

म्हणून तुमच्या पाया पडतो. तुमच्या नकाशावर मी कधी दिसलो, तर फासे उचलायच्या आधी एकदाच विचारा की हा आत आला कसा. मला बोलता येत नाही, पण खेळ चालवणाऱ्यासमोर पुस्तक उघडं असतं. त्याला सांगावंच लागेल. ते ऐकूनही बाण सोडावासा वाटला तर खुशाल सोडा. मी हात मागे घेणार नाही.