अर्जात नसलेलं नाव

वकीलसाहेब घरी आले तेव्हा धाकटी सून इस्त्री करत होती. सासऱ्यांनी तिला बाहेरच्या खोलीत बोलावून खुर्ची दिली. लग्न होऊन आल्यापासून कंपनीच्या बोलण्यात तिला बसवून घेण्याची ही पहिलीच खेप.

कंपनी तिचा नवरा आणि थोरले दीर चालवत. सगळा डोलारा एका पेटंटवर उभा होता. दोन संगणकांनी एकमेकांकडे निरोप धाडत बसायचं नाही; सामाईक मेमरीत एकाने लिहायचं, लिहून झालं की शेजारची खूण बदलायची, ती पाहून दुसऱ्याने वाचायचं. पेटंट कार्यालयाने ते रद्द केलं होतं, कारण प्रतिस्पर्धी कंपनीने दाखवून दिलं की युक्ती आधीच जगजाहीर होती. लग्नाआधी सुनेनेच ती आपण नोकरी करत असलेल्या संशोधन संस्थेच्या भरल्या सभागृहात चालवून दाखवली होती. आता अपिलाची सुनावणी तोंडावर आली होती.

"मेमरीचं त्या दिवशी सभागृहात असलेल्या लोकांना आठवतं, पण खुणेचं कुणी छातीठोक सांगत नाही," वकील म्हणाले. "वहिनी, खूण तेव्हा नव्हती एवढं सांगा. पेटंटच्या दाव्यातलं सगळंच्या सगळं आधी दाखवलेलं असेल तरच तो पडतो."

"पण खूण होती."

"अगं, इतकं जुनं कुणाला आठवतंय?" सासूबाई म्हणाल्या. "भरलं घर बुडवणार आहेस का?"

तिला राग यायला हवा होता. आला नाही. पेटंटच्या अर्जावर दोघा भावांचीच नावं लागली, तेव्हाही ती मुकाट्याने चहा ठेवायला गेली होती. 'घरच्या बाईचं नाव कशाला कोर्टकचेरीच्या कागदांवर,' असं म्हणून सासऱ्यांनी विषय मिटवला होता.

सुनावणीत तिला खुणेबद्दल विचारलं.

"होती," ती म्हणाली. "नाहीतर दुसऱ्या संगणकाने अर्धवट लिहिलेलंच वाचलं असतं."

"युक्ती कुणाची?" समोरच्या वकिलांनी विचारलं.

"माझी."

"मग अर्जात तुमचं नाव कसं नाही?"

घरचे वकील उठले. या प्रश्नाचा अपिलाशी संबंध नाही, म्हणाले. न्यायाधीशांना ते पटलं. तिने उघडलेलं तोंड मिटलं.

अपील फेटाळलं गेलं. घरी परतल्यावर दाराशी नवरा थांबला. "मनात एवढं होतं, तर तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले होते, त्या रात्री तुमच्यापाशी. तुम्ही म्हणालात, तुझं काय नि माझं काय, एकच."

तिने आत जाऊन कुकर लावला. जेवताना ती म्हणाली, "सोमवारपासून मी पुन्हा संस्थेत कामाला जाणार आहे. यापुढे जे करीन, त्यावर माझं नाव असेल." आवाजात ना आनंद होता, ना त्रागा.

वाचकहो, तिला विचारलेला तो प्रश्न कोर्टात अनुत्तरितच राहिला. आपल्या घरात तो विचारायला कुठलाही वकील येणार नाही. आपल्या नावावर कुणाचं काम खपलं आहे, हे ज्याचं त्यानेच विचारायचं आहे, आणि जिचं ते काम, तिच्यासमोर बसून.