तळं न पाहिलेली सॅक

माझ्या बुडाला दोन भोकं आहेत. हसू नका मित्रांनो! ती उंदरांनी कुरतडलेली नाहीत. ती कशी पडली हे सांगायचं, तर आधी माझा वाईटपणा मलाच सांगावा लागेल. सांगते.

मी एक जुनी सॅक आहे. साठ लिटरची, गडद हिरवी, कमरेला रुंद पट्टा असलेली. लोणावळ्याच्या अनंतने मला विकत घेतलं तेव्हा त्याचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. त्याला एकच वेड होतं, डोंगरावरच्या तळ्यांचं. निघायच्या आदल्या दिवशी तो मेणबत्तीचा तुकडा माझ्या चेनला चोळायचा, म्हणजे चेन सुरसुर सरकायची. मित्रांना सांगायचा, "ही माझी घोडी आहे. कितीही लादा, कुरकुर नाही." मी अशी फुगायचे म्हणता!

पण तळ्याची रीत फार अन्यायाची असते. तंबू, भांडी, तांदूळ, कपडे घेऊन पायथ्याच्या मुक्कामापर्यंत मी जायचं. तिथून तळ्याचा चढ दिवसाभरात जाऊन-येऊन करायचा असतो. त्या दिवशी जड सॅक कोण नेणार? मला कोपऱ्यात टेकवून सगळे मोकळ्या अंगाने वर जायचे. तेव्हा अनंत पाण्याची बाटली हातात घेऊन जायचा, त्यामुळे मला फारसं काही वाटत नसे.

मग त्याची बायको अरुंधती आली आणि तिच्याबरोबर आली ती जांभळी पिटुकली. तिच्यात जेमतेम एक डबा, एक बाटली आणि रेनकोट मावायचा. म्हणे खास तळ्यावर न्यायची सॅक! हिमाचलात तर कहर झाला. चार दिवस बर्फाळ वाटेने सगळं ओझं मी वाहिलं, आणि पिटुकली माझ्याच पोटात घडी घालून झोपली होती. पाचव्या दिवशी तिला झटकून बाहेर काढली आणि ती निघाली चौदा हजार फुटांवरचं निळं तळं बघायला! संध्याकाळी परत आली ती चिंब भिजून. तळ्यात डुंबून आली असणार बया! आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी तिच्याशी बोलणंच टाकलं. नऊ वर्षं टाकलं.

यंदा गणपती उठल्यावर अनंत, अरुंधती आणि त्यांची आठ वर्षांची श्रद्धा आंदर मावळातल्या एका वाडीत आली. मुक्काम हौशीरामआबा आणि अंबूबाईंच्या घरी होता. वाडीच्या वर पठार, आणि पठारावर देवीचं तळं. निघण्याआधी अनंतने मेणबत्ती काढली होती. मी वाट बघत होते. त्याने पिटुकलीच्या चेनला मेण चोळलं, तुकडा संपला, आणि तो हात झटकून उठला. मित्रांनो, माझ्या मनात तेव्हा जे विष कालवलं गेलं ते काय सांगू!

सकाळी अनंत माझ्या बाजूच्या कप्प्याशी आला. त्यात शिट्टी होती आणि पाय मुरगळला तर बांधायची पट्टी होती. दोन्ही त्याला पिटुकलीत ठेवायच्या होत्या. त्याने चेन ओढली. चेन कोरडी होती, हे खरं. पण जोर केला असता तर सरकली असती, हेही खरं. मी दात आवळून धरले. म्हटलं, सगळं तिलाच का?

"अडकलीय मेली," अनंत म्हणाला.

"राहू दे रे," अरुंधती म्हणाली. "दुपारपर्यंत तर खाली येणार आपण."

अंबूबाई दारातून ओरडल्या, "ताई, काठाला चपला काढा बरं का, देवीचं पानी हाय. पन पोरीला जपा, दगडं लय निसरडी हायती!"

ते गेले. पडवीत बसून मी मनात म्हणाले, बरी जिरली.

दुपार झाली, तीन वाजले, तरी कुणी आलं नाही. पठारावर ढग उतरला आणि डोंगर दिसेनासा झाला. चारच्या सुमाराला अनंत एकटाच धावत खाली आला. त्याच्या पायात धड चपलाही नव्हत्या.

"आबा, श्रद्धा शेवाळावरून घसरली. पाय टेकवत नाही. मी उचलायला गेलो तर त्या वाटेवर दोघंही पडलो असतो. वर फोन लागत नाही. आणि धुकं असं आलंय की दोघी कुठल्या काठाला बसल्यात ते आता मलाही सापडायचं नाही!" बोलता बोलता त्याला रडू फुटलं. "साधी शिट्टी असती अरुंधतीकडे, तर वाजवत राहिली असती."

 ती शिट्टी माझ्या कप्प्यात होती. मी धरून ठेवली होती.

हौशीरामआबा कोयता घेऊनच उठले. "कुटं हाय शिट्टी?" अनंतने माझा अडकलेला कप्पा दाखवला. आबांनी तो सरळ चिरला आणि शिट्टी व पट्टी खिशात घातली. मग माझ्याकडे वरून खाली बघितलं. "पावनं, ही रिकामी करा."

"हिचं काय करायचंय?"

"रानात करडू लंगडलं तर आमी पोत्याला दोन भोकं पाडून आनतो. पाय भाईर, आंग आत, पोतं पाठीला. हात मोकळं ऱ्हात्यात. पोरगी बसंल हिच्यात. दीस मावळायच्या आत जायाला हवं."

कोयता माझ्या बुडात दोनदा फिरला. तुम्हाला सांगते, मला दुखलं नाही. मी म्हणत होते, कापा, हवं तितकं कापा, पण चला!

आणि मी तळ्यावर गेले. चौदा वर्षं जिथे जायला झुरले, तिथे मी आबांच्या पाठीवर रिकामी लटकत गेले. पण तळं कुठे होतं? सगळीकडे पांढरं धुकं. आबांनी शिट्टी वाजवली आणि कान दिला. काही नाही. पुन्हा वाजवली. तेव्हा लांबून आवाज आला, टण्, टण्, टण्. हाका मारून अरुंधतीचा घसा बसला होता. ती पिटुकलीतली स्टीलची बाटली दगडावर आपटत होती. श्रद्धा थंडीने काकडत बसली होती, आणि तिच्या सुजलेल्या पायाखाली चिखलात बरबटलेली पिटुकली होती.

पट्टी बांधून श्रद्धाला माझ्यात बसवलं. तिने माझा काठ घट्ट धरला आणि म्हणाली, "सॅक, मला पाडू नकोस हं." मी नाही पाडलं. दिवस मावळायच्या आत आम्ही पडवीत होतो.

आता आम्ही दोघी लोणावळ्यात माळ्यावर असतो. अनंत मला टाकून देणार होता. श्रद्धाने टाकू दिलं नाही. पिटुकली माझ्या पोटात घडी होऊन पडलेली असते. एक दिवस मीच बोलणं काढलं. "चुकले गं मी. आता एवढं सांग, तळं दिसतं तरी कसं?"

पिटुकलीने आपली घडी जरा सैल केली. मग म्हणाली, "ताई, मला काय ठाऊक? मी पाठीवर असते, माझं तोंड मागच्या वाटेकडे. काठाशी पोचलं की मला ओल्या दगडावर पालथी टाकतात आणि वर बसतात. हिमाचलातसुद्धा तसंच. मी तळं कधी पाहिलंच नाही. मला वाटायचं, तू मुक्कामाला आरामात बसतेस. तुझाच हेवा वाटायचा."

मित्रांनो, जिच्यावर मी नऊ वर्षं जळले, ती ही! तुम्ही डोंगरावरच्या तळ्यावर जाल तेव्हा आठवणीने एवढं करा. निघण्याआधी सगळ्यांच्या चेनला मेण लावा, आधी जुन्यांच्या. आणि वर पोचल्यावर पाठीवरची सॅक उतरवाल ना, ती पालथी टाकू नका. तिचं तोंड पाण्याकडे करून ठेवा.