देश नसलेला झेंडा

मी एक जुना झेंडा आहे, आणि मित्रांनो, माझ्यामागे कोणताही देश नाही. तरी माझी मान ताठ आहे. मी यिडिश भाषेचा झेंडा.

माझा जन्म २००१ साली शारजातल्या अल मजाज भागात झाला. युरोपातल्या ज्यूंची ही घरगुती भाषा रोझाआजींना आईकडून मिळालेली. त्या युक्रेनहून मुलाकडे राहायला आल्या आणि ती बोलायला इथे त्यांना कुणीच उरलं नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या शर्वाणीला शाळेच्या भाषादिनासाठी एक भाषा निवडायची होती. तिने आजींची निवडली.

या भाषेचा सर्वमान्य झेंडा नाही, म्हणून आजींनीच मला कागदावर काढलं. पांढऱ्यावर दोन काळे पट्टे, त्यांच्या आजोबांच्या प्रार्थनेच्या शालीवर होते तसे. मधोमध सात दिव्यांची समई, म्हणजे जिथे जाऊ तिथे आपला उजेड.

शौकतभाई टेलर एरवी अरबी अक्षरांचे कापडी फलक शिवायचे. सवयीने त्यांनी माझी काठी घालायची पट्टी उजवीकडे लावली. शर्वाणी हिरमुसली. आजी मात्र खूश, कारण त्यांची भाषाही उजवीकडूनच लिहितात!

भाषादिनाच्या सकाळी मल्याळी खतीजा मिसनी झेंड्यांची यादी काढली.

"कंट्री?"

"नाहीये, मिस."

"मग लाइनमध्ये कुठे लावू? खलास, बाजूला ठेव."

झालं! कुणीतरी मला टेबलावर अंथरलं आणि वर समोशांचं ताट ठेवलं. माझा अगदी जळफळाट झाला. दहा वाजता आजी मला बघायला येणार होत्या.

पावणेदहाला शर्वाणीने मला पाहिलं. तिने ताटच उचलून बाजूला ठेवलं आणि मला घेऊन ती थेट मिससमोर उभी राहिली.

"मिस, तुमच्या मल्याळमची कंट्री कोणती? आमच्या मराठीची?"

मिसनी यादीतला 'कंट्री' हा शब्द खोडला.

"यल्ला, चल, लाव त्याला. फर्स्ट लाइनमध्ये!"

आजी आल्या. तेलाच्या डागासकट मी फडकत होतो. माझं टोक हातात धरून त्या आपल्या भाषेत भराभर बोलू लागल्या. कित्येक महिन्यांचं साचलेलं होतं ते. शर्वाणीला एक शब्द कळला नाही, पण ती शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली.

मित्रांनो, मला घडी घालून जपलंत तर आनंदच आहे. पण मी कापड, आज ना उद्या विरणारच. तुमच्या शेजारी कुणी एकटं माणूस आपल्या भाषेत बोलू लागलं, तर कळो न कळो, तेवढं थांबून ऐका.