बघायचं, पण सांगायचं नाही

निपाणीच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, यंदा आर्यिका माताजींचा चातुर्मास होता. पहिल्याच रविवारी प्रवचन आटोपल्यावर त्यांनी बायकांना सांगितलं, "चार महिन्यांसाठी काहीतरी सोडा. पण जे सोडून काही अडत नाही, ते नको. ज्याच्यावाचून चैन पडत नाही, ते सोडा."

बायका एकेक करून पुढं गेल्या. कुणी दही सोडलं, कुणी टीव्हीवरची मालिका. चंदनाबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी दरवर्षीसारखे हात जोडले आणि हळूच म्हणाल्या, "गूळ."

मागं बसलेल्या मालुबाई शेजारणीला सांगितल्यासारखं करून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटल्या, "साखर वाढली म्हणून दोन वर्सं झाली, डाक्टरनं गूळ बंद केलाय हिचा. सुटलेलंच सोडतीया बया."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. चंदनाबाईही हसल्या, पण घरी येईपर्यंत ते वाक्य त्यांच्या पायांत घोटाळत राहिलं. देवदर्शनाशिवाय तोंडात पाणी घालायचं नाही, सूर्य मावळायच्या आत जेवायचं, अष्टमी-चतुर्दशीला एकच वेळ अन्न, हे नेम त्यांनी लग्नाआधीपासून पाळले होते. एकही मोडला नव्हता. आणि आज भर बस्तीत, देवासमोर, आपण सुटलेलंच सोडून आलो. मग खरोखर आपल्याला कशावाचून चैन पडत नाही?

उत्तर त्यांना ठाऊक होतं. रविवार असूनही त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली होती. पाच वाजायला किती अवकाश आहे, ते बघायला.

त्यांची सून सोनल संकेश्वरच्या कॉलेजात गणित शिकवायची. साडेचारपर्यंत ती घरी येई, चहा घेई आणि सुट्टीचे दिवस सोडून रोज पाच ते सहा टीव्हीसमोर बसून व्हिडिओ गेम खेळे. ते यंत्र आणलं होतं तिच्या नवऱ्यानं, समर्थनं. तो बेळगावला कॅम्पात नोकरीला, घरी शनिवारचा येणार. महिन्याभरात त्याचा उत्साह ओसरला आणि यंत्र सोनलच्या हाती आलं. दिवसभर पोरांपुढं बोलून डोकं भणाणतं, म्हणायची, खेळलं की निवतं.

पहिल्या दिवशी चंदनाबाई तिथंच कोपऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. पडद्यावर बंदुका चालत होत्या, माणसं पटापट पडत होती. हिंसा करणं, करवणं आणि करणाऱ्याला मनातून 'बरं झालं' म्हणणं, तिन्हींचं माप एकच, हे त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. त्यांनी सूप उचललं आणि काही न बोलता आत गेल्या. सोनलनंही काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पडद्यावर वेगळाच खेळ होता.

त्यात बंदूक नव्हती, वैरी नव्हता. एक ओसाड पडलेलं दगडी गाव होतं आणि पाठीला झोळी, हातात कंदील घेऊन फिरणारी एक पोरगी. बंद दरवाजे, आटलेल्या विहिरी, कुठंच न पोचणाऱ्या पायऱ्या. गावात नऊ घंटा लपलेल्या. नऊही वाजल्या, की गेलेली माणसं गावात परत येणार.

चंदनाबाई त्या दिवशी आत गेल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी तांदूळ नसतानाही येऊन बसल्या.

एकदा सोनलनं ते बटणांचं यंत्र त्यांच्यापुढं धरलं. "अत्ती, तुम्ही घ्या की हातात." माहेर चिकोडीचं, त्या वळणानं ती सासूला अत्ती म्हणायची.

"नको गं. मला फिरायचं न्हाय. तू फिरताना बघायचंय."

बोलून गेल्या, आणि मग त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. दुसऱ्याचं जेवण बघून आपलं पोट भरत नाही. मग दुसऱ्याचा खेळ बघून मन कसं भरतं? पडद्याकडं बघता बघता त्या सोनलकडंही बघायला लागल्या. दोन वाटा फुटल्या की ही कायम डावीकडं वळते. उडी मारायच्या आधी ओठांतल्या ओठांत कानडीत आकडे मोजते, ओंदु, एरडु, मूरु. अडली तर चिडत नाही. मुकाट्यानं पहिल्या पायरीवर जाऊन पुन्हा सुरुवात करते. दोन वर्षं एका चुलीवरचं जेवलो, आणि यातलं आपल्याला काहीच कसं ठाऊक नव्हतं?

एरवी चंदनाबाईंचा आवाज शेजारच्या खोलीतही जायचा नाही. पण पाच वाजले की त्यांना राहवायचं नाही. "डावीकडं न्हाय गं, वर बघ. त्या भिंतीला फट दिसतीया. अगं, फुडं गेलीस की." सहाव्या घंटेपर्यंत हे असंच चाललं होतं.

सोमवारी सकाळी अभिषेक झाल्यावर त्या एकट्याच माताजींसमोर बसल्या. "वंदामि, माताजी. काल माझं चुकलं." आणि गुळापासून घंटांपर्यंत सगळं सांगितलं.

माताजींनी सगळं ऐकून घेतलं. "त्या खेळात कुणाला मारणं आहे?"

"न्हाय."

"मग बघताना मन कुठं असतं?"

"फुडं काय असंल, तिकडं." चंदनाबाई थांबल्या. पुढचं वाक्य त्यांनी ठरवलं नव्हतं. "आणि ते तिच्या आधी मला दिसावं, तिकडं."

माताजी किंचित हसल्या. "मग काय सोडायचं, ते तुम्हीच सांगा."

बघणंच सोडायचं म्हणून त्या आल्या होत्या. पण आता त्यांना दिसलं की चैन पडत नाही ती बघण्यावाचून नव्हे. "सांगणं सोडते. खेळ चालू आहे तोवर मौन. चार महिने."

"मौनात खूण नाही. हुंकारही नाही."

"व्हय."

संध्याकाळी त्यांनी सोनलला नेम सांगितला आणि हातात चंदनाची जपमाळ घेऊन बसल्या. तोंड नाही तर हात तरी कामाला लागावेत. पडद्यावर पोरगी फिरे आणि इकडं मणी सरकत, टक, टक. बारा दिवस तोंडातून शब्द गेला नाही. सोनलला सातवी घंटा मिळाली, आठवीही मिळाली. आपल्यावाचून हिचं अडत नाही, हे बघून चंदनाबाईंना बरं वाटलं आणि थोडं वाईटही.

नववी मात्र मिळेना. तेराव्या दिवशी सोनल बसता बसता म्हणाली, "आज मिळाली तर मिळाली, अत्ती. उद्यापासनं पेपर तपासायचेत. मग हे राहिलंच."

म्हणजे गाव ओसाडच राहणार. चंदनाबाईंनी माळ घट्ट धरली.

पोरगी चौथ्या चौकात शिरली. कंदील हलला, समोरच्या भिंतीवर सावल्या हलल्या, आणि चंदनाबाईंना ती दिसली. कमानीखाली काही टांगलेलं नव्हतं, पण भिंतीवर घंटेची सावली होती. स्वच्छ, लोलकासकट.

सोनल पुढं निघाली होती. ती थांबली. पोरगी मागं वळली, चौकात घुटमळली.

चंदनाबाईंनी घाईनं मणी सरकवला. पोरगी पुन्हा चालू लागली. कमानीजवळ आली तसा त्यांचा अंगठा आपोआप थांबला. पडद्यावर पोरगीही थांबली.

चंदनाबाईंनी हातातल्या माळेकडं बघितलं. मग सोनलच्या पाठीकडं. आणि माळ हळूच शेजारच्या स्टुलावर ठेवली.

सोनलनं वळून बघितलं. "माळ का ठेवली?" उत्तर मिळणार नव्हतंच. तिनं सासूचा चेहरा वाचला आणि ओशाळून हसली. "कळलं व्हय तुम्हाला. रोज तसंच करत होते मी. माळ थांबली की थांबायचं. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम करताय."

चंदनाबाईंचे डोळे भरून आले. बारा दिवस. तोंड बंद ठेवलं, तर हाव बोटांतून पाझरली.

"अत्ती, तसं तोंड करू नका. नेम तुम्ही घेतलाय, माळेनं न्हाय." मग सोनल सावरून बसली. "बरं. आता माझी मीच शोधते. तुम्ही बसा मात्र. उठून जाऊ नका."

चंदनाबाई दोन्ही हात मांडीत गुंफून बसल्या. श्वाससुद्धा बेतानं घेतला. सोनल त्या कमानीवरून चारदा गेली. डावीकडं वळली, पुन्हा डावीकडं. साडेपाच झाले, पावणेसहा झाले. प्रत्येक वेळी सावली भिंतीवर यायची आणि सोनल कमानीकडंच बघायची, भिंतीकडं नाही. चंदनाबाईंना वाटलं, हे उपासापेक्षा अवघड आहे.

सोनल नेहमीसारखी चौकाच्या पहिल्या पायरीवर परत गेली. ओंदु, एरडु, मूरु. पावलं मोजत मधोमध आली, आणि कोण जाणे काय सुचलं, तिनं पोरगीला कंदील खाली ठेवायला लावला. सावली भिंतभर मोठी झाली.

"अय्यो," सोनल हळूच म्हणाली.

पोरगीनं भिंतीवरच्या सावलीला हात लावला आणि घंटा वाजली. दूर एका घराचं दार उघडलं, मग दुसऱ्याचं. चंदनाबाईंच्या छातीत काहीतरी उचंबळून आलं. सावली त्यांना स्वतःला दिसली होती, तेव्हा एवढं झालं नव्हतं. असं कसं? त्या नवलानं सोनलच्या चेहऱ्याकडं बघत राहिल्या. तिथं गावापेक्षा जास्त उजेड होता.

टीव्ही बंद झाला तशी सोनल म्हणाली, "आता बोला. तुम्हाला कधी दिसली होती?"

"पहिल्याच फेरीला."

"आणि एवढा वेळ गप्प?"

"जेवायला चल. दिवस मावळंल." चंदनाबाईंनी स्टुलावरची माळ उचलली. "उद्या माताजींना बारा दिवसांचं सांगायला लागंल. ही आता देवापुढंच ठेवायची."

त्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या, थांबल्या आणि नेहमीच्या बारीक आवाजात विचारलं, "पेपर तपासून झाल्यावर... दुसरा कुठला खेळ हाय गं?"