छज्ज्याखालचा कागद

“वर ये, ग्रोझदान. तळघरात तुझा फोन लागत नाहीये.” मिन्चो जिन्यावरून ओरडला.

“थांब जरा. तिसऱ्या मजल्याचं पाणी अजून उतरतंय.”

“ते मी बघतो. तू ये.”

मिन्चो वायरमन. एरवी शिवीशिवाय बोलत नसे. आज नुसतं ‘ये’ म्हणाला, तेव्हाच ग्रोझदान समजला. हॉस्पिटलातून निरोप होता. त्याची बायको नेवेना गेली. त्याच्या हातात पाना तसाच होता आणि भिंतीतल्या नळांमधून पाणी खळखळत खाली येत होतं.

डॅन्यूबकाठच्या त्या गावातली ओस पडलेली दुकानं, कचेऱ्या रीतसर बंद करणं हे ग्रोझदानचं नगरपालिकेतलं काम. आधी गॅस, मग पाणी, मग वीज, खिडक्यांना फळ्या, आणि शेवटी पाडणाऱ्यांच्या हाती किल्ली. हे तीनमजली सरकारी दुकान गावात सगळ्यांत मोठं. वरच्या मजल्यावर नेवेना पडद्याचं कापड विकायची. कात्री फक्त सुरुवातीला लावायची. पुढचं हातानं, एका दमात, सरळ फाडायची.

रिवाजाप्रमाणे निधनाचे कागद छापले. काळी चौकट, फोटो, नाव. एक घराच्या फाटकावर लावला, एक चर्चपाशी, एक दुकानाच्या काचेच्या दारावर. जन्म तिचा तिथेच गेला होता. चाळिसाव्या दिवशी जुन्या विक्रेत्या बायका त्या दारापाशी जमल्या आणि उकडलेले गोड गहू वाटले.

“फोटोतसुद्धा कशी बघतेय बघा,” पेन्का म्हणाली, “जशा काही आपण कामाला उशिरा आलोय!”

सगळ्या हसल्या आणि हसता हसता रडल्या.

असा कागद कोणी हातानं काढत नाही. ऊन, पाऊस, वारा नेईल तेव्हा जातो. हिवाळा सरता सरता फाटकावरचा गेला, चर्चपाशीचाही गेला. दुकानाच्या दारावरचा मात्र काल लावल्यासारखा होता. दारावर सिमेंटचा खोल छज्जा. त्याच्याखाली थेंबही पोचत नव्हता. आणि वसंतात पाडणारे येणार होते.

ग्रोझदाननं कामाचा क्रम बदलला. नगरपालिकेची इंजिनिअर कालिना तो वाचून चक्रावली.

“काका, आधी छज्जा? तो तर शेवटी काढतात. माणसं आत-बाहेर कशी करणार?”

“मागच्या दारानं.”

“पण कारण काय?”

“गज गंजलेत.”

“कुठले गज? हा छज्जा आपल्या दोघांना पुरून उरेल.”

“अगं बाई, कशाला खोदतेस?” मिन्चो मध्ये पडला. “जरा दाराकडे बघ ना.”

कालिनानं दाराकडे पाहिलं. कागदावरचं नाव वाचलं.

“आमच्या फाटकावर आजोबा तीन वर्षं होते,” ती म्हणाली. “आई रोज त्यांना ‘येते’ म्हणून बाहेर पडायची.” तिनं सही केली. “गंजलेत म्हणा. पण काचेला धक्का लागू देऊ नका, काका.”

छज्जा उतरला. मग मात्र आठवडाभर नुसती कोरडी हवा. पाडणाऱ्यांचा मुकादम रोज विचारायचा, “दार कधी देताय?” ग्रोझदान म्हणायचा, “बघू.” तो सकाळी यायचा, आभाळ बघायचा, आणि मागच्या दारानं आत जायचा.

एकदाचा नदीकडून पाऊस आला. दोन दिवस धरून होता. आधी चौकटीची शाई ओघळली, मग फोटो फिकट झाला. ग्रोझदान समोरच्या फुटपाथवर छत्री न उघडता उभा होता. मिन्चो शेजारी येऊन उभा राहिला. दुपारी कागद वरून सुटला, वाकला, आणि पायरीवर पडून पाण्याबरोबर गटाराकडे गेला.

ग्रोझदाननं दार काढून दिलं. काच फुटली नाही.

आता तिथे सपाट खडी आहे. मे महिन्यात, तिला जाऊन सहा महिने झाल्याचे, नवे कागद छापून आले. सवयीनं त्यानं तीनच सांगितले होते. एक फाटकावर लावला, एक चर्चपाशी.

तिसरा लावायचा राहिला आहे.