वाटाण्याला गिऱ्हाईक

केटलचा खटका पडला आणि घरातली शांतता मोडली. पाळण्यात आयव्हॉरने मूठ उघडली, परत मिटली. उठला मात्र नाही. डंकनने आणि मी एकदमच श्वास सोडला.

"अकराला येणार ना त्या बाई?" तो कुजबुजला.

"येतील. नाहीतर नाही येणार."

"नेरिस."

"मी कुठे काय म्हणतेय?"

गाडी विकायची, आमचं ठरलं होतं. मेबल पाच वर्षांची, आयव्हॉर सात आठवड्यांचा, आम्ही दोघं, आणि गाडीला सीट दोनच. पण डंकनकडून मी एक कबूल करून घेतलं होतं. पहिलं गिऱ्हाईक परत गेलं, तर गाडी विकायची नाही. त्याच्या आईच्या कोठारात ताडपत्रीखाली ठेवायची, मुलं मोठी होईपर्यंत. तेव्हा आज मिसेस प्रॉसर नको म्हणाल्या, की सुटलो.

गाडीचं नाव वाटाणा. माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठी, उघड्या टपाची, हिरवी. आठ वर्षांपूर्वी मी ती घेऊन पहिल्यांदा डंकनच्या दारात गेले, तेव्हा तो चौकटीत वाकून बराच वेळ बघत राहिला. "ही गाडी आहे की वाटाणा?" तेव्हापासून वाटाणाच. डंकन सहा फूट तीन इंच, त्याचे गुडघे स्टिअरिंगला अडकतात, म्हणून चालवायची मीच. त्याने दाराची मूठ धरून बसायचं.

हे घरही आम्ही वाटाण्यासाठी घेतलं. घर दाखवणारा माणूस न्हाणीघरातल्या नव्या फरशीबद्दल बोलत होता आणि मी खिडकीतून रस्ता बघत होते. आमच्या गावाचा मुख्य रस्ता टेकडीवरून असा खाली येतो की पाय जपून टाकावे लागतात. गाडी किल्लीने सुरू झाली नाही तर ब्रेक सोडायचा, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, पुलापर्यंत पोचेस्तोवर ती खोकून जागी होते. मी म्हटलं, उतार छान आहे. त्या माणसाला वाटलं, मला देखावा आवडला.

पण एकदा जागा झाला की वाटाण्यासारखा तोच. जमिनीपासून वीतभर वर बसलेलं असायचं माणूस. दोन्हीकडची कुंपणं डोक्यावरून जायची, एप्रिलमध्ये रानलसणाचा वास सरळ मांडीवर येऊन पडायचा, रस्त्यातला खडा न् खडा तळहातांना कळायचा. चाळिसाच्या वेगाला ऐंशीची मजा. वळणावर मेबल दोन्ही हात वर करायची आणि मी गिअर खाली घ्यायचे, मग तो जो आवाज करायचा, तो ऐकायला मी मुद्दाम लांबचा रस्ता धरायचे.

बिघडायचाही तसाच, मन लावून. लग्नानंतर समुद्रावर निघालो ते डोंगराच्या माथ्यावरच अडकलो. तेव्हा तशाच लाल गाडीतून एक म्हातारे थांबले. आमच्यात तसं थांबतातच. समोरून तशी गाडी आली की हात करायचा, आणि कडेला उभी दिसली तर पुढे जायचंच नाही. त्यांनी तुटलेली तार बुटाच्या नाडीने बांधून दिली आणि थर्मासमधला चहा पाजला. डंकन म्हणाला, "तुमची नाडी?" ते म्हणाले, "माझ्याकडे दुसरा बूट आहे की." मेबल झाल्यावर तर बिघडणं मला आवडायलाच लागलं. घरी मी कधी नुसती बसत नाही. रस्त्याच्या कडेला बसावंच लागतं. फाटकावर चढून आम्ही दोघी चीजचे सँडविच खायचो, तिच्या सगळ्या गोष्टी मी शेवटपर्यंत ऐकायचे.

अकराला दारावर टकटक झाली. मिसेस प्रॉसर अडुसष्टच्या असाव्यात. ठेंगण्या, खणखणीत, पायात टाचेचे तपकिरी बूट. पलीकडच्या खोऱ्यातून बसने आल्या होत्या.

"चहा?" डंकनने विचारलं.

"आधी ती."

बाहेर आलो. मी ठरवलंच होतं, काही लपवायचं नाही. उलट सगळं सांगायचं.

"थंडीत दुसरा गिअर लागत नाही," मी सुरुवात केली. "आधी तिसरा, मग दुसरा. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर. टाकी कोरडी झाली तरी अर्ध्यावर."

"बरं."

"टप गळतो. बरोबर डाव्या सीटवरच्याच्या गुडघ्यावर."

"म्हणजे शेजारच्याच्या. छान."

"दिवे लावले की वायपर पेंगतात."

"आणि हीटर?"

"चालतो. जुलैत."

त्या हसल्या. मी एकेक दोष सांगत गेले आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. माझी चूक मला तिथेच कळायला हवी होती. असल्या गाडीच्या माणसाला दोष ऐकवणं म्हणजे मांजराला मासळीबाजाराचा पत्ता देणं. पण मी बोलतच राहिले, आणि ऐकणाऱ्याला वाटावं की मी माझ्या लेकराच्या खोड्या सांगतेय.

"बसा आत," डंकन म्हणाला.

त्यांनी किल्ली फिरवली. नुसती घरघर. परत फिरवली. पुन्हा घरघर.

मला कारण लगेच कळलं. किल्ली फिरवली की मागच्या उजव्या चाकापाशी पेट्रोलचा पंप टकटक करतो. आज करत नव्हता. पंप अडकला की उताराचाही उपयोग नाही. त्याला बाहेरून एक धपका द्यावा लागतो, एका ठरावीक जागी. मी हात खिशात घातले आणि गप्प उभी राहिले.

"आई, बूट काढ ना, त्याला—"

"मेबल, आत जाऊन बाळ उठलंय का बघ."

"नाही उठलं. रडत नाहीये."

"तरी बघ."

ती माझ्याकडे बघत बघत गेली. डंकननेही बघितलं.

मिसेस प्रॉसर डोकं कलतं करून ऐकत होत्या. मग दार उघडून खाली उतरल्या, उजव्या पायातला बूट काढला, मोज्यावरच लंगडत मागे गेल्या, वाकल्या आणि चाकाच्या आतल्या बाजूला टाचेने एक ठेवून दिली. टकटकटक, मग सावकाश टक... टक... आणि पेट्रोल भरल्यावर थांबलं. टाच नेमक्या जागी बसली होती. मला ती जागा सापडायला पहिलं वर्ष गेलं होतं.

"बस, पोरी," बूट चढवत त्या म्हणाल्या. "पुलापर्यंत जाऊन येऊ."

मेबलची खुर्ची सोडवून मी फाटकाशी ठेवली आणि बसले. त्या सीटवर मी कधी बसलेच नव्हते. तिथून रस्ता दिसत नाही, नुसतं आभाळ आणि कुंपणाच्या कडा दिसतात. मेबलला इतकी वर्षं हेच दिसत होतं तर. पुलाजवळच्या वळणाला त्यांनी मला न विचारता तिसरा लावून मग दुसरा घेतला. वाटाणा तसाच गुरगुरला. मी दाराची मूठ धरली होती.

"तुमच्याकडे होती," मी म्हटलं.

"बाविसाव्या वर्षी. पांढरी. जुळी झाली तेव्हा विकली. नवरा म्हणाला, पोरं मोठी झाली की दुसरी घेऊ."

"घेतली?"

"घेतेय की."

आम्ही परत आलो. फाटकाशी आयव्हॉरला खांद्यावर घेऊन डंकन उभा होता. त्याने नुसत्या भुवया उंचावल्या. मी मान डोलावली, घेतायत म्हणून.

स्वयंपाकघरात कागदांवर सह्या झाल्या. विमा त्या येण्याआधीच उतरवून आल्या होत्या. डंकनने विचारलं, परतीच्या बसचं तिकीट वाया जाणार का.

"एकेरीच काढलं होतं."

"आणि पसंत पडली नसती तर?"

"चालत गेले असते. नऊ मैल तर आहे."

बाहेर येऊन मी मेबलच्या सीटखाली हात घालून बघितलं. खालून तीन बिस्किटांचे तुकडे आणि एक लाल मोजा निघाला. पंपाबद्दल मी गप्प राहिले होते, ते त्यांना सांगावंसं वाटलं. "मघाशी मला माहीत होतं," मी म्हटलं.

"ठाऊक आहे गं," त्या म्हणाल्या. "मी तर आमच्या गिऱ्हाइकाला किल्लीच सापडत नाही म्हणून सांगितलं होतं." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, मग रुमाल डोक्याला बांधला.

मेबल फाटकाच्या खालच्या आडव्या फळीवर चढून उभी राहिली. मी तिच्या पाठीला हात लावून होते. मिसेस प्रॉसरनी किल्ली फिरवली. वाटाणा पहिल्याच फटक्यात सुरू झाला, खोकला नाही, की धूर नाही. आठ वर्षांत तो माझ्या हातून एकदाही तसा सुरू झाला नव्हता. त्यांनी हात वर केला, मीही केला. हिरवी पाठ उतारावरून लहान होत पुलाकडे गेली आणि वळणाला गिअर बदलल्याचा आवाज वर आला.

मेबलने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"आई, त्याला जायचंच होतं का?"