गावचा पुरोगामी

वसईजवळच्या त्या गावात व्हिन्सेंट सरांना चाळीस वर्षं लोक ‘पुरोगामी’ म्हणत आले होते. पूर्वी कौतुकानं म्हणत. सर वर्गात धर्माबाहेरच्या लग्नांबद्दल भरभरून बोलत, आणि चर्चमधली पहाटेची मिस्सा कधी न चुकवणाऱ्या शेजारच्या सेबेस्टियन काकांना थट्टेनं ‘प्रतिगाम्यांचा मेरुमणी’ म्हणत. अलीकडे मात्र गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पुरोगामी’ ही शिवीच झाली होती. सरांनी तिथं लिहिणं सोडून दिलं.

त्या रविवारी गावातल्या हॉलच्या समितीची बैठक होती; सर आणि काका दोघंही समितीत होते. गावच्या जेन्सननं लग्नाच्या जेवणासाठी हॉल मागितला होता. नवरी अर्नाळ्याच्या हिंदू कोळ्यांची दिपिका, सरांचीच विद्यार्थिनी. लग्न नोंदणी पद्धतीनं होणार होतं.

“असल्या लग्नाला हॉल दिला की पायंडा पडतो,” समितीचा तरणा सेक्रेटरी रोनाल्ड म्हणाला. “या पुरोगाम्यांनीच गाव नासवलं. काय सर, तुम्ही त्यातलेच ना?”

सगळे हसले.

“छे रे! मी कुठला पुरोगामी? गावाची रीत सांभाळायलाच हवी,” ते बोलून गेले.

सेबेस्टियन काका काठी टेकत उठले. “मी जुन्या वळनाचा मानूस. दारात आलेल्या सुनेला आमच्यात कोनी बाहेर उभं केलं नाय. हॉल द्या.”

ऐंशीच्या म्हाताऱ्यापुढं कोणाची जीभ रेटली नाही. हॉल मिळाला.

संध्याकाळी दिपिका पेढे घेऊन सरांकडे आली. “सर, तुमच्यामुळेच झालं हे. मी आईला म्हटलंच होतं, समितीत सर आहेत, काळजी करू नको.”

गप्प बसले असते तर निभावून गेलं असतं. त्यांनी पेढा हातात घेतलाही, पण तो तोंडाशी जाईना.

“मी तुमच्या विरुद्ध बोललो, दिपिका. हॉल काकांमुळे मिळाला.”

“का, सर?”

“चार माणसं हसली. त्या हसण्याला भ्यालो.”

“पण वर्गात तर तुम्ही...” तिनं वाक्य अर्धंच सोडलं. मग “येते,” म्हणून निघाली आणि थेट काकांच्या घराकडे वळली.

लग्नाला सर गेले. दाराजवळची खुर्ची धरून बसले. प्रत्येक पाहुण्याची विचारपूस करत दिपिका तिथवर आली.

“जेवलात ना?” तिनं कोणालाही विचारावं तसं विचारलं.

“हो,” सर म्हणाले. ते जेवले नव्हते.